देव उठवले, महापुरुष बसवले

पॅरिस शहरात सेन नदीच्या डाव्या तीरावर एक टेकडी आहे. तिच्या माथ्यावर पँथिऑन नावाची भव्य इमारत उभी आहे. मुळात ते चर्च. फ्रेंच राज्यक्रांतीने त्यातला देव उठवला आणि त्याच्या जागी राष्ट्राचे थोर पुरुष आणून बसवले. आपल्याकडच्या सुधारकी वळणाच्या मंडळींना या घटनेचे मोठे कौतुक. व्याख्यान असो, लेख असो, नाहीतर परदेशातून परतलेल्या कोणाची प्रवासकथा असो, सूर ठरलेला: बघा, त्यांनी देवळाचे काय केले ते, आणि आपण अजून घंटा बडवीत बसलो आहोत!

हा सूर मी इतक्या वेळा ऐकला आहे की आता तो कानी पडला की माझा हात आपोआप फूटपट्टीकडे जातो. देव उठवला हे खरे. पण देऊळ कुठे उठले? मिरवणूक तीच, अस्थी त्याच, तळघरातला अंधार तोच, आणि कोणाला आत घ्यायचे नि कोणाला बाहेर काढायचे हे ठरवणारे पुजारीही तसेच. फक्त त्यांच्या अंगावरचे कपडे बदलले. याला नवा उपयोग म्हणायचे असेल तर आमच्या गल्लीतल्या वाण्याने पाटी बदलली म्हणजे दुकान नवे झाले म्हणावे लागेल. दिवाळीच्या फराळाबरोबर हे कडू बोलणे कोणाला रुचणार नाही, पण कारल्याची भाजीही ताटात एका बाजूला असावी लागतेच.

आधी इमारतीची हकिगत. पॅरिस शहराची रक्षणकर्ती संत म्हणजे जनव्हिएव्ह. इसवी सन ४५१ मध्ये हूणांचा राजा अटिला चालून आला, तेव्हा घाबरून पळू पाहणाऱ्या लोकांना या बाईने धीर दिला अशी श्रद्धा आहे. टेकडीवर तिचे जुने, मोडकळीस आलेले देऊळ होते. १७४४ साली पंधरावा लुई मेत्स गावी मरणाच्या दारी पोचला. त्याने नवस बोलला: बरा झालो तर जनव्हिएव्हचे देऊळ नव्याने बांधीन. राजा बरा झाला. नवस फेडायला पैसा मात्र लॉटरीतून उभा केला गेला, म्हणजे राजाचा नवस प्रजेने फेडला. सुफ्लो नावाच्या वास्तुशिल्पकाराने आराखडा केला आणि १७६४ साली पायाभरणी झाली. सुफ्लोच्या मनात एक सुंदर कल्पना होती. ग्रीक पद्धतीचे खांब, पण गॉथिक देवळांचा हलकेपणा. भिंती कमी, खिडक्या पुष्कळ, आत प्रकाशच प्रकाश. पॅत नावाच्या टीकाकाराने 'हे खांब एवढा घुमट पेलणार नाहीत' असे छापून प्रसिद्ध केले आणि पुढे खांबांना खरोखरच तडे जाऊ लागले. सुफ्लो १७८० मध्ये वारला. त्याचा सहकारी राँदले याने काम पुरे केले, ते १७९० साली. म्हणजे नवसाच्या देवळाला कळस चढला तेव्हा राज्यक्रांती सुरू होऊन वर्ष झाले होते.

१७९१ च्या एप्रिलात क्रांतीचा गाजलेला वक्ता मिराबो वारला. राष्ट्रीय सभेने दोनच दिवसांत ठराव केला की हे नवे चर्च यापुढे थोर पुरुषांचे समाधिमंदिर. मग कातर्मेर द कँसी या गृहस्थांकडे इमारत सोपवली. त्यांनी पहिले मोठे काम कोणते केले असेल? खिडक्या बुजवल्या! समाधीच्या जागी गांभीर्य हवे, गांभीर्याला अंधार हवा, म्हणून सुफ्लोने प्रकाशासाठी ठेवलेल्या बेचाळीस खिडक्या भिंतीने बंद झाल्या. आजही तुम्ही बाहेरून त्या उंच, कोऱ्या, आंधळ्या भिंती पाहू शकता. ज्या शतकाने स्वतःला प्रकाशाचे शतक म्हणवून घेतले त्याच्या वारसांनी प्रकाशाचे देऊळ हाती येताच हे केले. देव मानणाऱ्या राजाने खिडक्या ठेवल्या होत्या आणि बुद्धी मानणाऱ्यांनी त्या बुजवल्या. आमचे व्याख्याते ही गोष्ट कधी सांगत नाहीत.

पुढचा प्रकार तर याहून बोलका आहे. १७९१ च्या जुलैत व्हॉल्तेअरच्या अस्थी उंच रथातून, वाजतगाजत, गावभर मिरवत आणल्या. ज्या माणसाने जन्मभर अस्थिपूजेची आणि पाद्र्यांच्या मिरवणुकांची टर उडवली त्याच्याच अस्थींची ही पालखी! १७९३ मध्ये खऱ्या जनव्हिएव्हच्या अस्थी भर चौकात जाळून टाकल्या. म्हणजे अस्थी पूजणे वेडगळ म्हणून जुन्या जाळायच्या, आणि नव्या आणून पूजायच्या. १७९४ मध्ये रूसो आला. व्हॉल्तेअर आणि रूसो यांचे जन्मात कधी पटले नाही. आता त्यांच्या समाध्या समोरासमोर आहेत. सवतीसवतींना एकाच माजघरात कोंडावे तसे झाले आहे.

आणि मिराबो? ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप झाला, त्याचा राजाशी चाललेला गुप्त पत्रव्यवहार राजवाड्यातल्या लोखंडी कपाटात सापडला. १७९४ च्या सप्टेंबरात त्याला तळघरातून बाहेर काढले आणि त्याच दिवशी माराला आत घेतले. पाच महिने जातात न जातात तोच मारालाही बाहेर काढले. देवाच्या बाबतीत निदान इतके तरी बरे असते की एकदा प्राणप्रतिष्ठा झाली की राजकारण बदलले म्हणून कोणी मूर्ती गटारात टाकत नाही. महापुरुषाला ती शाश्वती नाही.

यानंतरची नव्वद वर्षे म्हणजे या इमारतीची नुसती ओढाताण. नेपोलियनने १८०६ मध्ये तोड काढली: वर देवपूजा, खाली तळघरात आपली माणसे. त्याच्या काळात चाळिसांवर सेनापती, सरदार, सेनेटर तेथे पुरले गेले. आज त्या तळघरात सुमारे ऐंशी लोक आहेत. त्यांतले निम्मे हे नेपोलियनचे. त्यांची नावे फ्रेंच शाळेतल्या मुलालाही सांगता येणार नाहीत, पण थोर पुरुष म्हणून ते निवांत पडून आहेत. मग राजे परतले. दारावरचा थोर पुरुषांचा लेख खोडला, व्हॉल्तेअर-रूसोंना नजरेआड सरकवले, चर्च पुन्हा पवित्र केले. १८३० ची क्रांती झाली. चर्च पुन्हा गेले, लेख पुन्हा आला, १८३७ मध्ये दाव्हिद दांझे या शिल्पकाराने दर्शनी त्रिकोणात मातृभूमी पुष्पमुकुट वाटते आहे असे शिल्प कोरले. १८४८ च्या जूनमध्ये बंडखोर आत शिरले आणि फौजेने तोफा डागल्या. १८५१ च्या डिसेंबरात तिसऱ्या नेपोलियनने (तेव्हा तो नुसता अध्यक्ष होता) इमारत पुन्हा पाद्र्यांच्या हवाली केली. १८७१ मध्ये पॅरिसच्या कम्यूनवाल्यांनी कळसावरच्या क्रुसाचे हात कापले आणि लाल निशाण लावले. दर वेळी जिंकणाऱ्याने पहिल्याने हीच इमारत ताब्यात घेतली. शहाणा माणूस जिंकल्यावर कोठाराच्या किल्ल्या मागतो. हे लोक देवळाच्या मागत.

शेवट झाला १८८५ मध्ये, व्हिक्टर ह्यूगोच्या मृत्यूने. साने गुरुजींच्या 'दुःखी'मुळे ह्यूगोची कथा मराठी घराघरांत पोचली, तेव्हा त्याच्या अंत्ययात्रेविषयी दोन शब्द सांगितलेच पाहिजेत. ह्यूगोने लिहून ठेवले होते की मला गरिबांच्या गाडीतून न्या, पन्नास हजार फ्रँक गरिबांना द्या, आणि कोणत्याही चर्चची प्रार्थना नको. देवावर आपला विश्वास आहे हेही त्याने लिहिले होते. सरकारने केले काय? गाडी गरिबांचीच आणली. पण आधी शव विजयकमानीखाली ठेवून दर्शन भरवले, खास हुकूम काढून पँथिऑन चर्चकडून कायमचे काढून घेतले, आणि १ जून १८८५ रोजी लाखोंच्या गर्दीतून त्याला तेथे नेऊन ठेवले. म्हाताऱ्याची साधेपणाची इच्छा हीच तमाशाची मुख्य शोभा झाली. त्याला चर्च नको होते, म्हणून त्याला चर्चच्याच इमारतीत कायमचा वतनदार केला!

गंमत म्हणजे कळसावरचा क्रूस आजही तसाच आहे. आत भिंतींवर प्युव्ही द शाव्हान या चित्रकाराने रंगवलेली जनव्हिएव्हची चित्रेही आहेत. आत येणाऱ्याला पहिल्याने तीच दिसते. खाली तळघरात महापुरुष, वर संतबाई. ही तडजोड मला आवडते. पण ती कोणी मुद्दाम केली नाही, काढून टाकायचे राहून गेले इतकेच.

आता महापुरुष या शब्दाविषयी. दारावरच्या लेखात कृतज्ञ मातृभूमी थोर पुरुषांना वंदन करते, आणि तो लेख आजही तसाच आहे. १९०७ पर्यंत या मातृभूमीला एकही बाई थोर सापडली नाही. १९०७ मध्ये पहिली बाई आत गेली ती सोफी बर्तलो. का? तर नवरा थोर रसायनशास्त्रज्ञ, दोघे एकाच दिवशी वारली, ताटातूट नको म्हणून! सौभाग्यवती म्हणून मिळालेली ही जागा. स्वतःच्या कर्तृत्वावर पहिली बाई आत जायला १९९५ साल उजाडले: मादाम क्यूरी. दोन नोबेल पारितोषिके मिळवल्यावर आणि मरून एकसष्ट वर्षे झाल्यावर. तिची शवपेटी काढली तेव्हा आत शिशाचे अस्तर होते, रेडियमचे भय म्हणून. पुढे २०१५ मध्ये दोन बायका, २०१८ मध्ये सिमोन व्हेय, २०२१ मध्ये जोसेफिन बेकर. बेकरबाईंचा देह मोनाकोतच राहिला. पॅरिसला पेटीतून माती गेली. बायकांची संख्या वाढते आहे म्हणून समाधान मानावे असे कोणी सांगेल. मला वाटते, ज्या घरात शिरायला दोनशे वर्षे उंबऱ्यावर उभे केले, तेथे आता बोलावणे आले म्हणून पदर सावरून धावण्याची गरज नाही.

लुई ब्रेलची गोष्ट तर आम्हा शिकवणाऱ्यांना लागून राहावी अशी आहे. अंधांच्या शाळेतला हा शिक्षक. त्याने सहा ठिपक्यांत सगळी अक्षरे बसवली आणि आंधळ्यांना वाचायला दिले. १८५२ मध्ये तो वारला, गावी कुव्ह्रे येथे पुरला गेला. बरोबर शंभर वर्षांनी, १९५२ साली, राष्ट्राला त्याची आठवण झाली आणि त्याचा देह पँथिऑनमध्ये आणायचे ठरले. गावाने काय करावे? हात ठेवून घेतले! ज्या हातांनी ती लिपी घडवली ते हात कुव्ह्रेच्या स्मशानात एका कलशात आहेत आणि बाकीचा देह पॅरिसला. मध्ययुगात संतांच्या हाडांची अशी वाटणी होत असे; तिला अंधश्रद्धा म्हणून हसण्याची आपल्याला सवय आहे.

यावर एक आक्षेप मला दिसतो आहे. राष्ट्राने आपल्या मोठ्या माणसांची आठवण ठेवायची नाही काय? जरूर ठेवावी. एमिल झोलाला १९०८ मध्ये पँथिऑनमध्ये नेले तेव्हा ज्या निरपराध द्रेफ्यूसाठी झोला लढला होता त्याच्यावर तिथेच, त्या समारंभातच, एका माणसाने गोळ्या झाडल्या. हात जखमी झाला. आणि न्यायालयाने गोळ्या झाडणाऱ्याला निर्दोष सोडले! झोला मंदिरात बसला आणि झोला ज्यासाठी लढला तो न्याय दाराबाहेर राहिला. आठवण ठेवण्याचा हा मार्ग किती पोकळ असतो याचा याहून दुसरा पुरावा मला शोधावा लागत नाही. आमच्या शाळेतही जयंती-पुण्यतिथीला तसबीर पुसून हार घातला जातो. तसबिरीतल्या माणसाचे पुस्तक मात्र कपाटात कुलपाआड असते आणि किल्ली कोणाकडे असते ते विचारू नये. आल्बेर काम्यूला पँथिऑनमध्ये न्यायची टूम २००९ साली निघाली तेव्हा त्याच्या मुलाने नकार दिला, तो मला फार योग्य वाटतो.

या इमारतीचा खरोखर नवा उपयोग कधी झालाच नाही काय? झाला. एकदाच, काही महिने. १८५१ च्या मार्चअखेर लेओँ फूको या गृहस्थाने घुमटाच्या आतून ६७ मीटर लांबीची तार सोडली आणि तिच्या टोकाला २८ किलो वजनाचा गोळा टांगला. गोळ्याच्या खाली टोचणी, जमिनीवर वाळूचा कडा. गोळा झोका घेऊ लागला. एक झोका जाऊन यायला सोळा सेकंद. दर झोक्याला टोचणी वाळू थोडी थोडी पुढे कापत जाई, तासाला अकरा अंशांच्या वर. गोळ्याला कोणी ढकलत नव्हते. झोक्याची दिशा होती तीच होती. खालची जमीन फिरत होती, आणि जमिनीबरोबर बघणारे सगळे लोक, शहर, राजवाडे, अवघी पृथ्वी. आमच्या मुंबईच्या अक्षांशावर हाच गोळा टांगला तर पुरा फेरा व्हायला तीन दिवसांहून थोडे अधिक लागतील. पॅरिसला बत्तीस तासांच्या आत होतो. मी वर्गात हे दोऱ्याला दगड बांधून आणि खाली पाट फिरवून दाखवते तेव्हा मागच्या बाकावरची पोरेसुद्धा उठून पुढे येतात.

त्या देवळात तोवर जो आला त्याला काहीतरी मानायला सांगितले होते. राजाने सांगितले संत मान, क्रांतीने सांगितले मिराबो मान, मग सांगितले मिराबो मानू नको, मारा मान. फूकोने कोणाला काही मानायला सांगितले नाही. उभे राहा आणि बघा, एवढेच. कोणी नमस्कार केला काय, न केला काय, वाळू कापली जातच होती. आणि घुमट इतका उंच नसता तर तार इतकी लांब सोडता आली नसती. म्हणजे नवसाच्या देवळाची उंची या कामाला पुरेपूर लागली. त्याच डिसेंबरात इमारत पाद्र्यांकडे गेली आणि प्रयोग उठला. फूको स्वतः पँथिऑनमध्ये नाही. मोंमार्त्रच्या स्मशानात आहे. १९९५ पासून तेथे लंबकाची प्रतिकृती टांगलेली आहे, आणि मला सांगा, तळघरातल्या ऐंशी जणांपैकी किती जण आजही काम करताहेत?

मूळ गोळा मात्र दुसऱ्याच चर्चमध्ये गेला, आणि आमच्या व्याख्यात्यांनी खरे कौतुक करायला हवे ते याचे. पॅरिसलाच सेंट मार्टिनचा जुना मठ होता; चर्चचा काही भाग बाराव्या शतकातला. क्रांतीत तोही सरकारजमा झाला. आबे ग्रेग्वार नावाच्या पाद्र्याने १७९४ मध्ये ठराव मांडला की देशातली यंत्रे, हत्यारे, नमुने, नकाशे एका जागी जमवावेत आणि कारागिरांना ते नुसते दाखवू नयेत, चालवून समजावून सांगावेत. १७९८ मध्ये या संस्थेला तो मठ मिळाला. १८१९ पासून तेथे फुकट सार्वजनिक वर्ग सुरू झाले. भिक्षूंच्या भोजनशाळेत ग्रंथालय आले. चर्चच्या कमानीखाली यंत्रे आली. ब्लेरिओने ज्या विमानातून १९०९ साली इंग्लिश खाडी ओलांडली ते विमान तेथे टांगले आहे. पास्कालचे आकडेमोडीचे यंत्र आणि लाव्हाझिएच्या प्रयोगशाळेतली उपकरणे त्याच संग्रहात आहेत. या चर्चच्या खिडक्या कोणी बुजवल्या नाहीत. लेथ यंत्रावर काम शिकायचे तर उजेड लागतो!

ग्रेग्वारचे सगळेच मला पटते असे नाही. गुलामगिरीविरुद्ध आणि ज्यू लोकांच्या हक्कांसाठी तो झगडला, जुन्या कलाकृती फोडणाऱ्यांना त्याने झोडपले, हे मोठेच; पण फ्रान्समधल्या बोलीभाषा नष्ट करून सर्वांना एकच फ्रेंच बोलायला लावा, असाही अहवाल त्याने लिहिला. मालवणी आणि अहिराणी बोलणाऱ्या पोरांना शिकवणाऱ्या बाईने याबद्दल त्याला बाकावर उभे केलेच पाहिजे.

आपल्याजवळचेही एक उदाहरण पाहा. जुन्या गोव्यात असिसीच्या सेंट फ्रान्सिसच्या चर्चला लागून फ्रान्सिस्कन भिक्षूंचा मठ होता. १९६४ मध्ये तेथे पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय झाले. खाली वीरगळ, सतीशिळा, जुन्या देवळांतल्या मूर्ती. माडीवर पोर्तुगीज गव्हर्नर आणि व्हाइसरॉय यांची चित्रे ओळीने. खालच्या वीरगळांपाशी उभे राहिले तर कोण लढला, कशासाठी पडला, बायकोचे काय झाले, असे प्रश्न दगडच विचारतो. वरची ओळ पाहत पाहत लोक पुढे सरकतात. एकाच छपराखाली दोन्ही प्रकार आहेत, आणि सहलीला आलेल्या मुलांचे पाय कोठे थांबतात ते कोणत्याही शिक्षकाला ठाऊक आहे.

फूकोचा मूळ गोळा सेंट मार्टिनच्या चर्चमध्ये पुष्कळ वर्षे झोके घेत होता. २०१० मध्ये तार तुटली, गोळा जमिनीवर आदळला आणि कायमचा चेपला. गोळा आता कामाचा राहिला नाही, पण प्रयोग कोणी बंद केला नाही. दुसरा गोळा टांगला. देवळातली मूर्ती भंगली असती तर केवढा आकांत झाला असता. आबे ग्रेग्वारला १९८९ मध्ये, क्रांतीच्या द्विशताब्दीच्या निमित्ताने, उचलून पँथिऑनमध्ये नेऊन ठेवले आहे. त्याने काढलेली शाळा मात्र जुन्याच जागी आहे, आणि दिवसभराच्या कामावरून सुटलेली माणसे संध्याकाळी तेथे वर्गाला येऊन बसतात.